बेळगावच्या एका कॉलेजला फौंड्री प्रशिक्षणासाठी पैसे कसे मिळाले : एक प्रकरण अभ्यास

या लेखात कॉलेज, संस्था, कंपनी किंवा माणसं यांपैकी कुणाचंही नाव दिलेलं नाही. ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील थोडे बदलले आहेत. मी या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि जून २०२३ पासून या प्रकल्पाचं काम माझ्याकडे आहे. निधी मिळवण्याचा मला काहीच अनुभव नव्हता. आमच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या कॉलेजचं एक वर्ष तरी वाचावं म्हणून हे सगळं मांडते आहे.

पार्श्वभूमी

आमचं कॉलेज बेळगाव-खानापूर रस्त्याला लागून आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान या तीन शाखा आहेत. बहुतेक मुलं मराठी घरांतली आहेत, आणि खानापूर तालुक्यातल्या खेड्यांतून येणारी बरीच. एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठी माध्यम, पीयूसीला (अकरावी-बारावी) एकदम इंग्रजी, आणि सरकारी कागद सगळे कन्नडमध्ये. अशा तीन भाषांतून वाट काढत ही मुलं बी. एस्सी.ला पोचतात आणि दुसऱ्या वर्षी गळायला लागतात. मुलगा कुठेतरी हेल्पर म्हणून लागतो, मुलीचं लग्न ठरतं.

याच रस्त्यावर उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहती आहेत. बेळगावची फौंड्री सगळ्या देशात माहीत आहे. पंप, ट्रॅक्टर आणि गाड्यांना लागणारी बिडाची कास्टिंग, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून केलेले भाग, इथे ओतली जातात. आमची मुलं रोज बसमधून त्या चिमण्यांसमोरून येतात. कॉलेजला मात्र त्या कारखान्यांशी काही देणंघेणं नव्हतं. वर्षातून एकदा औद्योगिक भेट व्हायची, तिथे चहा-बिस्किट आणि एक सामूहिक फोटो, एवढाच संबंध.

कम्युनिटी कॉलेज ही कल्पना आमच्या प्राचार्यांनी मांडली. पदवीच्या बाहेर, स्थानिक उद्योगाला लागणारं, कमी मुदतीचं, कमी फीचं शिक्षण. भारतात ही वाट १९९५ मध्ये पाँडिचेरीला सुरू झाली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) बाराव्या पंचवार्षिक योजनेत त्यासाठी स्वतंत्र योजना आणली. प्राचार्यांनी तिची मार्गदर्शिका छापून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, यात पैसे आहेत. प्रस्ताव करा.”

पहिला प्रस्ताव आणि तो का बुडाला

आम्ही तिघांनी सुट्टीत बसून ६४ लाखांचा प्रस्ताव केला. त्यात तीस संगणक, स्मार्ट बोर्ड, संगणकावर चालणारं सीएनसी मशीन, वातानुकूलित सेमिनार हॉल आणि धातूचं पृथक्करण करणारा स्पेक्ट्रोमीटर होता. अभ्यासक्रमाचं नाव होतं ‘औद्योगिक कौशल्य पदविका’. आज ते नाव वाचलं की चूक तिथेच दिसते. कुठला उद्योग आणि कसलं कौशल्य, हे आम्हालाच माहीत नव्हतं. मागता येईल ते सगळं आम्ही मागितलं होतं.

प्रस्ताव पाठवायच्या आधीच अडला. आम्ही वापरत होतो ती मार्गदर्शिका बाराव्या योजनेची होती, आणि ती योजना ३१ मार्च २०१७ ला संपलेली. त्यातले खर्चाचे आकडे, मर्यादा, अर्जाचा नमुना, काहीच लागू नव्हतं. दुसरी गोष्ट विद्यापीठातल्या एका जाणत्या बाबूंनी सांगितली. आमच्या कॉलेजला आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम २(एफ) खाली मान्यता होती, पण १२(बी) खाली नव्हती. २(एफ) म्हणजे कॉलेज म्हणून ओळख. केंद्राचं अनुदान घ्यायला १२(बी) लागतं. गेली कित्येक वर्षं आमच्या माहितीपत्रकावर ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ असं छापलं जात होतं. त्यातली अर्धीच मान्यता आमच्याकडे आहे हे संस्थेत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मग पीएम-उषा या उच्च शिक्षणासाठीच्या केंद्राच्या योजनेचा विषय निघाला. त्यात कॉलेजला पाच कोटींपर्यंत रक्कम मिळू शकते, हे ऐकून कार्यकारिणीतल्या काहींचे डोळे चमकले. पण त्या योजनेत अर्ज राज्य सरकारमार्फत जातो, राज्याचा ४० टक्के वाटा असतो आणि तिचा भर कॉलेजच्या एकूण सुधारणेवर आहे. चोवीस मुलांच्या एका अभ्यासक्रमासाठी ते दार ठोठावण्यात अर्थ नव्हता.

असे पाच महिने गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्याकडे जाडजूड फाइल होती आणि रुपया एकही नव्हता.

प्रश्न नव्याने कळला तो दिवस

एक फौंड्री मालक आमच्या कॉलेजचे माजी विद्यार्थी आहेत. देणगी मागायला मी आणि संस्थेचे सचिव त्यांच्याकडे गेलो. त्यांनी प्रस्ताव चाळला, बाजूला ठेवला आणि आम्हाला मागच्या आवारात नेलं. तिथे नाकारलेल्या कास्टिंगचा ढीग होता. एक तुकडा उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. वरून गुळगुळीत, पण कापलेल्या बाजूला बारीक बारीक भोकं.

“ब्लोहोल,” ते म्हणाले. “वाळूत पाणी जास्त झालं की असं होतंय. ह्या ढिगातली कितीतरी वाळूमुळं गेलीत. माझ्याकडे वाळू तपासायची मशीन आहे मॅडम, तपासणारं माणूस नाही. साचे करणारा म्हातारा मोल्डर मुठीत वाळू दाबून सांगायचा, तो गेल्या वर्षी घरी बसला. तुम्ही कंप्यूटर शिकवा, मी नको म्हणत नाही. पण मला हे माणूस द्या.”

मी रसायनशास्त्राची. ओलावा, वाळू बांधून ठेवणाऱ्या बेंटोनाइट मातीचं प्रमाण, जळून जाणारा अंश, हवा आरपार जाण्याची क्षमता, हे सगळं माझ्या विषयाच्या शेजारचं होतं. वाळूचा ५० मिलिमीटर व्यासाचा आणि ५० मिलिमीटर उंचीचा नमुना ठोकून तयार करायचा, त्याची दाबशक्ती बघायची, वहीत नोंद करायची, आकडा हलला की सुपरवायझरला सांगायचं. बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी हे काम सहा महिन्यांत नीट शिकू शकते. भट्टीजवळ उभं राहावं लागत नाही, त्यामुळे घरच्यांची एक हरकत आपोआप कमी होते.

परत येताना गाडीत सचिव बराच वेळ गप्प होते. मच्छेचा फाटा मागे पडल्यावर म्हणाले, “आपण पैसे कोण देतो ते शोधत होतो. अडलंय कुणाचं ते विचारलंच नाही.”

पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही अकरा फौंड्रींत जाऊन आलो. प्रत्येक ठिकाणी एकच विचारलं : कुठल्या कामाला माणूस मिळत नाही? सीएनसी ऑपरेटरचं नाव अपेक्षेपेक्षा कमी आलं, कारण ते आयटीआय आणि उद्यमबागेतल्या सरकारी टूल रूममधून मिळतात. वाळू प्रयोगशाळा, कास्टिंगची तपासणी आणि नाकारलेल्या मालाची नोंद ठेवणं, ही तीन कामं पुन्हा पुन्हा पुढे आली. अभ्यासक्रम तिथेच ठरला. स्पेक्ट्रोमीटर, स्मार्ट बोर्ड आणि सेमिनार हॉल यादीतून गेले. ६४ लाखांचा अंदाज १८ लाख ४० हजारांवर आला :

वाळू व धातू तपासणीची उपकरणं ९,२०,०००
खोलीची डागडुजी आणि थ्री-फेज वायरिंग २,८०,०००
एक पूर्णवेळ शिक्षक आणि कारखान्यातून येणारे तज्ज्ञ ४,२०,०००
मुलांचा प्रवास, सुरक्षा बूट, हेल्मेट, विमा १,३०,०००
परीक्षा आणि मूल्यमापन ९०,०००

प्रवासाच्या रकमेबद्दल थोडं सांगते. पहिल्या अंदाजात ती जवळजवळ दुप्पट होती. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली महिलांना साध्या सरकारी बसने मोफत जाता येतं. जांबोटीकडून किंवा नंदगडकडून येणाऱ्या मुलीचं तिकीट आमच्या हिशेबातून निघून गेलं आणि तो पैसा सुरक्षा बुटांकडे वळवता आला. निधी मागताना सरकार आधीच काय देतं आहे हे बघावं, हे आम्हाला इथे कळलं.

तोललेले पर्याय

डिसेंबरात कार्यकारिणीची बैठक झाली. चार वाटा समोर होत्या.

पहिली, १२(बी) मिळवून केंद्राच्या योजनेची वाट बघणं. ते करायला हवं होतंच, पण त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जाणार.

दुसरी वाट सीमाभागाच्या नावाने मिळणाऱ्या मदतीची, आणि बैठकीचा निम्मा वेळ तिच्यावरच गेला. एका ज्येष्ठ सदस्यांचं म्हणणं होतं की आपण मराठी संस्था आहोत, महाराष्ट्र सरकारकडे जावं. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सीमाभागातली ८६५ गावं महाराष्ट्रात आणण्याचा ठराव केला आहे, तिथे आपल्याबद्दल आस्था आहे. दुसऱ्या सदस्यांचं म्हणणं होतं की आपण कर्नाटकात आहोत, सीमा प्रदेशासाठी इथेही प्राधिकरण आहे, तिकडे का जाऊ नये? आवाज चढले. सीमाप्रश्न आमच्याकडे वर्तमानपत्रातला विषय नाही. त्या खोलीत असे लोक होते ज्यांनी १९५६ नंतरची आंदोलनं लहानपणी डोळ्यांनी पाहिली आहेत. शेवटी प्राचार्यांनी एकच मुद्दा ठेवला : दोन्हीकडचा पैसा भाषा, संस्कृती, इमारत अशा कामांना जास्त जुळतो. आपली गरज वाळूच्या प्रयोगशाळेची आहे. आणि या वर्गात कन्नड घरांतली, उर्दू घरांतली मुलंही बसणार आहेत. ज्या पैशामुळे पहिल्याच दिवशी कुणाला हा वर्ग आपला नाही असं वाटेल, तो यासाठी नको.

मला तो निर्णय त्या दिवशी पटला आणि आजही पटतो. पण त्या ज्येष्ठ सदस्यांचं मन दुखावलं, आणि बैठकीनंतर त्यांच्याशी वेगळं बसून बोलायला हवं होतं ते आम्ही केलं नाही. ते पुढच्या दोन बैठकांना आले नाहीत.

तिसरी वाट सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतली एक जरी पायरी ओलांडली तर कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. रोजगारक्षम कौशल्य हा विषय कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलेला आहे. अडचण अशी की आम्ही गेलो त्या बहुतेक फौंड्री या पायरीच्या खूप खाली. त्यांच्यावर सीएसआरचं बंधन नाही. बंधन आहे ते त्यांच्याकडून कास्टिंग घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर, आणि कायदा सांगतो की कंपनीने आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्यावं. त्यांचा परिसर बेळगाव नव्हे.

चौथी वाट, आपल्याच लोकांकडून छोट्या रकमा. ही सगळ्यांना कमीपणाची वाटत होती.

आम्ही तिसरी आणि चौथी एकत्र धरली. पहिलीचं काम शांतपणे सुरू ठेवलं.

कागदपत्रांची लढाई

सीएसआरचा पैसा घ्यायचा तर संस्थेकडे तेव्हाच्या आयकर कायद्याची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळणारा नंबर हवा. हा नंबर १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचा आहे. नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवरचा नोंदणी क्रमांकही कंपन्या विचारतात.

आमची संस्था १९५० च्या दशकात नोंदलेली. नोंदणीचा मूळ कागद मुंबई राज्याच्या काळातला, मोडकळीला आलेला. त्यावर गावाचं नाव जुन्या इंग्रजी स्पेलिंगने. पॅन कार्डावर संस्थेच्या नावातला एक शब्द आखूड केलेला. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बेळगावी झालं, त्यानंतर काढलेल्या बँक खात्यावर तिसरंच स्पेलिंग. माणसाला हे एकच आहे हे कळतं, संगणकाला कळत नाही. पोर्टलने अर्ज दोनदा परत पाठवला.

सचिवांनी पॅनवरचं नाव दुरुस्त करून घेतलं, ठराव केला, प्रतिज्ञापत्र केलं, बँकेत तीन खेपा घातल्या. अडीच महिने गेले. सीमाभागातल्या जुन्या संस्थांना मी कळकळीने सांगते : नोंदणीपत्र, पॅन, बँक खातं आणि मालमत्तेचा उतारा एका टेबलावर मांडा आणि नावाचं अक्षर न् अक्षर ताडून बघा. हे काम निधी शोधायच्या आधीचं आहे. आमच्याकडे एका कंपनीची बैठक ठरली असताना हा नंबर हातात नव्हता, म्हणून ती बैठक गेली आणि परत मिळाली नाही.

कोणता खर्च कोण देऊ शकेल

एकाच दात्याकडे १८ लाख मागायचे नाहीत, हे जानेवारी २०२४ मध्ये ठरलं. अंदाजपत्रकाची प्रत्येक ओळ समोर ठेवून विचारलं, हे देणं कुणाला सोपं आणि कायद्यात बसणारं आहे?

उपकरणं सीएसआरकडे. कंपनीला दाखवता येईल अशी वस्तू हवी असते. इथे एक नियम आधी माहीत असणं बरं : सीएसआरच्या पैशातून घेतलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही, ती सीएसआर नंबर असलेल्या धर्मादाय संस्थेकडे, लाभार्थींच्या गटाकडे किंवा सार्वजनिक यंत्रणेकडे ठेवावी लागते. आम्ही प्रस्तावातच लिहिलं की उपकरणांची नोंद संस्थेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेडस्टॉक रजिस्टर) होईल.

ज्या कंपनीने शेवटी पैसे दिले, तिच्या सीएसआर अधिकारी बाईंनी एक नेमका प्रश्न विचारला. ही मुलं आमच्याच पुरवठादारांकडे कामाला लागणार असतील, तर हा आमच्या नेहमीच्या धंद्याचा भाग ठरत नाही का? प्रश्न रास्त होता, कारण कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. आम्ही उत्तर लेखी दिलं : प्रवेश सगळ्यांना खुला, कुठल्याही फौंड्रीशी नोकरीचा करार नाही, अभ्यासक्रम कुणालाही वापरता येईल असा. तो कागद फाइलमध्ये नसता तर मंजुरी अडली असती असं त्यांनीच नंतर सांगितलं.

वेळेचं गणितही त्यांनीच शिकवलं. कंपनी वर्षाचा सीएसआर आराखडा संचालक मंडळापुढे ठेवते, आणि त्याची जुळवाजुळव आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या आधी होते. आम्ही फेब्रुवारीत पोचलो म्हणून एप्रिलनंतरच्या आराखड्यात बसलो. जूनमध्ये गेलो असतो तर उरल्यासुरल्या रकमेची वाट बघावी लागली असती.

शिक्षकाचं मानधन कुणालाच द्यायचं नव्हतं. मशीनवर नावाची पाटी लावता येते, मास्तरांवर लावता येत नाही. म्हणून ती ओळ आम्ही फौंड्रीवाल्यांकडे नेली. बारा जणांनी प्रत्येकी ३० हजार दिले, म्हणजे ३ लाख ६० हजार. आमची समजूत होती की ८०जी पावतीमुळे ते तयार होतील. प्रत्यक्षात बहुतेकांनी आयकराची नवी पद्धत घेतलेली, तिच्यात ८०जीची सूट मिळतच नाही. सूट घेणारे दोघेतिघे होते, त्यांना आठवण करून द्यावी लागली की रोखीने २,००० रुपयांवरची देणगी सुटीला चालत नाही, चेक द्या. बाकीच्यांनी दिले ते त्या ढिगाकडे बघून दिले.

एका मालकांनी वापरातलं धातू तपासणीचं सूक्ष्मदर्शक दिलं आणि त्याची ८०जी पावती मागितली. वस्तुरूप देणगीला ती सूट नाही, हे सांगताना मला फार अवघड झालं. वाटलं, आता हे माघार घेणार. ते म्हणाले, “राहू दे मॅडम, पोरांनी वापरलं म्हणजे झालं.” त्या एका वस्तूने अंदाजातले १ लाख ९० हजार वाचले. कंपनीकडे मागायची रक्कम ७ लाख ३० हजारांवर आली आणि तेवढी पूर्ण मंजूर झाली.

माजी विद्यार्थ्यांकडून १ लाख १० हजार आले. इथे एक चूक होता होता वाचली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने मोठी रक्कम देऊ केली होती. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं. परदेशी नागरिकाकडून पैसे घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, ती आमच्याकडे नाही. खजिनदारांनी खाते क्रमांक कळवून टाकला होता, सनदी लेखापालांनी वेळीच थांबवलं. दुबईत काम करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेले पैसे मात्र चालतात. दोघेही तितक्याच मायेने देत होते. एकाचे घेतले, एकाचे परत कळवले.

खोलीचे २ लाख ८० हजार संस्थेने स्वतः घातले. त्यातला मोठा भाग हेस्कॉम या वीज कंपनीकडून वीजभार वाढवून घेण्यात आणि वायरिंगमध्ये गेला.

पदविका की प्रमाणपत्र

मे २०२४ मध्ये शेवटचा मोठा पेच आला. विद्यापीठाची मान्यता घेऊन पदविका सुरू करायची तर अभ्यासमंडळापुढे जायचं, आणि जूनची तुकडी हुकणार. प्राचार्यांना पदविकाच हवी होती, कारण ‘डिप्लोमा’ म्हटल्याशिवाय आईबाप मुलांना पाठवत नाहीत. मला भीती होती की कंपनीने पैसे मंजूर केलेत आणि वर्षभर उपकरणं खोक्यात पडून राहतील.

आम्ही कॉलेजच्या पातळीवर सहा महिन्यांचं प्रमाणपत्र सुरू केलं, आणि रचना ३० श्रेयांकांची (क्रेडिट) ठेवली. कम्युनिटी कॉलेजच्या चौकटीत सहा महिन्यांना ३० आणि वर्षाला ६० श्रेयांक धरतात, म्हणजे पुढे पदविका झाली तर हेच शिक्षण तिच्यात मोजता यावं. याची किंमत प्रवेशात मोजावी लागली. २४ जागा होत्या, १९ भरल्या. कडोलीच्या एका मुलाचे वडील प्रवेशाच्या टेबलापाशी येऊन, सगळं ऐकून, “नुसतं सर्टिफिकेट होय?” म्हणून परत गेले.

वर्गात काय घडलं

ऑगस्ट २०२४ मध्ये वर्ग सुरू झाला. १९ पैकी ११ मुली. सगळ्यात अनपेक्षित अडचण भाषेची निघाली, आणि ती मराठी-कन्नड अशी सरळ नव्हती. पुस्तक इंग्रजीत, मी मराठीत शिकवणार, आणि कारखान्यात मोल्डर कन्नड बोलणारा, भट्टीवरची माणसं बिहार-ओडिशाकडची, हिंदी बोलणारी. आमच्या मुलीने ‘मॉइश्चर’ म्हटलं की तिथे कुणी मान वर करत नव्हतं. तेव्हा मुलांनीच एक वही सुरू केली. वाळू, उसुकु, रेत. ओलावा, तेवांश, नमी. समोर चित्र आणि यंत्रावरचा इंग्रजी शब्द. ती वही आज चाळीस पानांची झाली आहे आणि एका फौंड्रीने तिची प्रत प्रयोगशाळेच्या भिंतीला टांगली आहे. निधीच्या कुठल्याही प्रस्तावात ही वही नव्हती. तिला खर्च आला साठ रुपये.

कंपनीचा पहिला हप्ता वेळेवर आला. दुसरा हप्ता खर्चाचं प्रमाणपत्र दिल्यावर येणार होता. आम्ही बिलं दिली, पण दोन बिलांवर संस्थेच्या नावाऐवजी कॉलेजचं नाव होतं. ती परत आली. हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मिळाला, तोवर उपकरण विक्रेत्याचे रोज फोन. संस्थेने मुदत ठेव मोडून पैसे भागवले.

निकाल

१९ पैकी १५ जणांनी पूर्ण केलं. तीन महिन्यांत नऊ जण कामाला लागले, त्यांत पाच मुली. तिघं बी. एस्सी. पूर्ण करताहेत. सोडून गेलेल्या चौघांपैकी दोन मुलींचं कारण शेवटची बस होतं : संध्याकाळची प्रात्यक्षिकं संपेपर्यंत खानापूरच्या पलीकडे जाणारी गाडी निघून जायची. तिकीट फुकट होतं, गाडी नव्हती. हे वेळापत्रक आम्ही ठरवलं होतं, त्यामुळे त्या दोघींची गळती मी आमच्याच खात्यावर मांडते.

पैशाच्या बाजूने, फी २४ जणांची धरली होती, १९ जणांची आली. प्रत्येकी ५,००० प्रमाणे २५ हजार कमी पडले. अंदाजात २४ जणांची फी धरूनही आधीच राहिलेली ५० हजारांची तूट मिळवून ७५ हजार संस्थेने सोसले.

आज करायचं तर

फौंड्रीची फेरी पहिल्या आठवड्यात करेन, प्रस्ताव त्यानंतर लिहीन. कागदपत्रं तपासायला सचिवांच्या जोडीला एक तरुण माणूस देईन. त्या वयात त्यांना एकट्याने खेपा घालायला लावल्या याचं मला वाईट वाटतं.

मानधनाबद्दलचा आमचा निर्णय अपुरा होता. फौंड्रीवाल्यांकडून एका वर्षाचंच वचन घेतलं. मशीन दहा वर्षं टिकेल, शिक्षक दुसऱ्या वर्षी कुठून आणणार हे विचारायला हवं होतं, आणि तीन वर्षांची छोटी रक्कम एका वर्षाच्या मोठ्या रकमेपेक्षा बरी पडली असती. कंपनीशी बोलतानाही सीएसआरमध्ये चालू प्रकल्पाला तो सुरू झाल्याच्या आर्थिक वर्षानंतर आणखी तीन वर्षांपर्यंत मुदत देता येते, हे आम्हाला माहीत असतं तर उपकरणांबरोबर थोडं मानधन मागता आलं असतं. शिकाऊ उमेदवारीच्या केंद्रीय योजनेकडेही उशिरा वळलो. तिच्यात विद्यावेतनाचा २५ टक्के, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत वाटा सरकार उचलत होतं. अभ्यासक्रम त्या चौकटीत बसवला असता तर मुलांच्या हातात शिकतानाच चार पैसे आले असते आणि कडोलीच्या त्या वडिलांना सांगायला काहीतरी ठोस असतं.

सध्याची स्थिती अशी. १२(बी)चा अर्ज गेला आहे. पदविकेचा प्रस्ताव विद्यापीठात आहे. प्रात्यक्षिकं सकाळी हलवली आहेत. ते ज्येष्ठ सदस्य वर्ग बघायला आले होते. मुलींनी त्यांच्या मुठीत वाळू देऊन ओलावा ओळखायला सांगितला आणि ते तासभर थांबले. दुसऱ्या तुकडीला २४ पेक्षा जास्त अर्ज आले आहेत. शिक्षकाच्या मानधनाचे सात महिन्यांचे पैसे जमले आहेत, पाच महिन्यांचे जमवायचे आहेत, आणि त्यासाठी येत्या बुधवारी आम्ही पुन्हा उद्यमबागेत निघालो आहोत.